मामाजींचा जोडलेला पाय

माझे सासरे, म्हणजे मामाजी, दारात खुर्ची टाकून उजवा पाय उंबऱ्यावर आडवा सोडून बसायचे. वडीलधाऱ्यांचा पाय ओलांडू नये, म्हणून मी भरली कळशी कमरेवर घेऊन मागच्या दाराने फिरून यायची. "मामाजी, पाय घ्या जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तूच जोडला ना? भोग आता." मला तो माणूस आवडत नव्हता. मेला म्हणून उगाच गोड कशाला बोलू?

मालेगावजवळच्या मळ्यात वांगी-मेथी करता करता त्यांचा गुडघा झिजला, म्हणून बदलला होता. त्यात पू झाला. साफ केला, पुन्हा पू. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हाड पोखरलंय, आता नवा सांधा टिकणार नाही. तो काढून मांडीचं आणि नडगीचं हाड सळई घालून एकजीव करू. गुडघा कधीच वाकणार नाही, पण दुखणं जाईल आणि पायावर उभे राहाल. नाहीतर पाय मांडीतून कापावा लागेल."

मामाजी सही करीनात. "मले बसता नाही येनार."

"खुर्चीवर बसा ना," मी म्हटलं.

"तुले काय समजते? मेल्यावर कसा बसू?"

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. इकडे ताप चढत होता, नवरा बाहेर जाऊन रडत होता आणि ह्यांना खड्ड्याची काळजी! मी खवळले. "आधी जगा तर! तुमच्या मापाचा खड्डा मी खोदून घेईन!"

त्यांनी सही केली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी वैर धरलं. पुढे कितीतरी वर्षं त्याच ताठ पायावर उभं राहून मळ्याला पाणी दिलं. दुखणं गेलं, तोंड काही गेलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी, "हिचं ध्यान खड्ड्यात हाय!"

यंदा ते गेले. खड्डा नेहमीसारखा चौकोनी खोदलेला, त्यात पाय मावेना. एक भाऊबंद म्हणाला, "आडवंच ठिवा, काय फरक पडते?"

मी पुढे झाले. "समोरून अजून खोदा."

"तुमी कायले मधात बोलून राह्यल्या?"

"पाय मी जोडला. शब्दही मीच दिलाय."

कुदळी पुन्हा चालल्या. मामाजी बसले. डावी मांडी घातलेली, उजवा पाय ताठ समोर. मी मूठभर माती घेऊन वाकले, तर तो नेमका माझ्यासमोर.

सवयीने तोंडातून गेलं, "मामाजी, पाय घ्या जरा."

उत्तर आलं नाही, तेव्हा कुठे मला रडू फुटलं.