अळ्या पाला खातात तेव्हा

ताईच्या कानाचं मशीन मला तीस हजारांना पडलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरा हिशेब धरला तर त्यात तिचे महिनाभराचे टोमणे, बायकोची मध्यस्थी आणि परवाची भिवापूरची फेरीही धरावी लागेल...

मशीन डबीतच पडून होतं. "आता काय ऐकाचं राहिलं गा माह्यं?" एवढंच तिचं उत्तर. शेवटी वैतागून विचारलं, तुला ऐकावंसं तरी काय वाटतं? म्हणाली, "अळ्या पाला खातात ना... तो आवाज."

आमचे बाबा भंडाऱ्याकडच्या जंगलात कोशाच्या अळ्या पाळायचे. ही टसर रेशमाची अळी घरात राहत नाही. ऐनाच्या झाडावर, उघड्यावर वाढते. हिरवीगार, अंगठ्यासारखी जाड... आणि कावळ्यांची भारी आवडती.

ताई दिवसभर गोफण घेऊन पाखरं हाकायची, दमून बसली की मी झाडाखाली तिच्या मांडीवर. वर अळ्यांचं खाणं चालू. दूर कुणीतरी तांदूळ पाखडत बसलंय, असा बारीक आवाज... बाबा गेले, मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो आणि ते जंगल सुटलं.

आज स्वतःचं मोटर रिपेअरिंगचं वर्कशॉप आहे. मोटर न उघडता, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. असा कान अख्ख्या एमआयडीसीत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात... म्हणजे आधी मी म्हणतो, मग ती म्हणतात.

भिवापूरजवळ आमच्या एका गिऱ्हाईक बाईंचं, सुनंदाबाईंचं, तुतीच्या अळ्यांचं शेड आहे. परवा ताईला गाडीत घातलं आणि तिथं नेलं.

तुतीची अळी म्हणजे घरजावई. पांढरी, मऊ, सावलीत रॅकवर पडलेली. पाला तोंडाशी आणून द्यायचा. पुढे पतंग झाली तरी तिला उडता येत नाही. ताई बघून म्हणाली, "ह्या तं तुह्या पोरांवानी हायेत गा. ताट समोर आल्याबिगर हलत नाही."

सुनंदाबाई हसल्या. "कात टाकून आत्ताच उठल्या मावशी. लई भुकेल्या हायेत, आता पाहा." त्यांनी तुतीच्या फांद्या पसरल्या. मी कूलर बंद केला. ताईनं स्वतःच्या हातानं मशीन कानात घातलं.

शेड एकदम शांत झालं. पानांच्या कडा भराभर कमी होताना दिसत होत्या... ताईनं डोळे मिटले.

मग म्हणाली, "तोच हाय. ऐकून राहिला ना?"

मी म्हटलं, हो ताई.

तिनं डोळे उघडले. "खोटं काहून बोलतं? हा आवाज आला का तुहा चेहरा लहानपणी कसा होत होता, ते मले मालूम नाही का?"

मी कान पुढे केला. श्वास धरला. रॅकवर अगदी वाकलो... काही नाही.

ताईनं माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटांच्या टोकांनी हलकं हलकं वाजवत राहिली. "असा गा... असा."

येताना ती गाडीत झोपली. मशीन कानातच होतं. त्या मशीनचे आणि त्या अळ्यांचे उपकार मी विसरणार नाही.

काल, ताईचं मशीन घेतलं त्याच दुकानात, माझे कान तपासून घेतले. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत.