गव्हाचे सहा आठवडे

दोन वर्षं माझं पोट ठिकाणावर नव्हतं. घाटंजीच्या शाळेत शिकवताना तास अर्धा टाकून धावावं लागे. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढेना. शेवटी मोबाईलवर कुठंतरी वाचून मी गव्हाची पोळी बंद केली. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, तांड्यावरून ज्वारी पाठवली. तीन आठवड्यांत पोट शांत झालं.

हे मोठ्या आनंदानं यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"तपासणीआधीच गहू सोडला? आता रक्तात काही दिसेलच असं नाही. सिलिॲक असू शकतो, म्हणजे गव्हानं आतडं खराब होतं तो आजार. खात्री करायची तर सहा आठवडे रोज गहू खा, मग रक्त द्या."

"ज्याचा त्रास होतो तेच खाऊ?"

"हो. आणि हा आजार घराण्यात चालतो, तेही लक्षात ठेवा."

घरी नवरा म्हणाला, "बरं वाटून राह्यलं ना तुले? मंग कायले उकरून काढतं?" याडीला फोन केला, तर ती म्हणे, "आपल्याकडं गहू सणालेच दिसे. तुले गव्हाची बीमारी कशी होईन?" मला दोघांचंही पटलं. डॉक्टरीणबाईंचंही पटलंच होतं. सकाळी मी ठरवायचे, तपासायचं. संध्याकाळी भाकरी थापताना वाटायचं, जाऊ दे.

असे पंधरा दिवस गेले. मग एकदा जेवताना माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं ताटातली पोळी बाजूला सारली.

"मीबी नाही खात. माह्यंही पोट दुखते."

वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. तिचं दुखणं खरं होतं की माझी नक्कल, मला कळेना. मी माझ्या ताटात पोळी वाढून घेतली आणि म्हटलं, "बघ, मीही खाते."

त्या दिवसापासून रोज दोन पोळ्या खायला लागले. दुसऱ्या आठवड्यात फळ्यासमोर उभं राहवेना. नवरा म्हणाला, "सोड आता, माह्याच्यानं पाहवत नाही." मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दोन झेपत नसतील तर एकच पोळी खा, पण रोज खा." मी रडत रडत खाल्ली.

सहा आठवड्यांनी रक्त दिलं, अहवालात संशय आला, मग नागपूरला दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. सिलिॲकच होता. आता गहू जन्मभर बंद. नाव कळलं म्हणून हलकं वाटलं, आणि जन्मभर म्हणजे किती, हे कळून धडकीही भरली.

मुलीचं रक्त मात्र स्वच्छ निघालं. "आज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढं होणारच नाही असं मी म्हणत नाही. काही वर्षांनी पुन्हा बघू. तोवर तिला गहू खाऊ द्या."

तिची पोळी आता तिचे बाबा वेगळ्या तव्यावर करतात. वाकडीतिकडी होते, पण ती आवडीनं खाते. कधी म्हणते पोट दुखतं, आणि थोड्या वेळानं अंगणात उड्या मारते. मी डॉक्टरीणबाईंचा नंबर काढते, ठेवते, पुन्हा काढते.