आईचा हलका हात

तन्वीला लघवी होत नव्हती. वेटलिफ्टर मुलींचं हे नेहमीचंच. वजनगटात बसायला आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात, आणि मग आम्हाला सॅम्पल हवं असतं तेव्हा अंगात थेंब नसतो.

मी डोपिंग कंट्रोल ऑफिसर. खेळाडूंनी बंदी असलेली औषधं घेतली आहेत का, हे तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी सॅम्पल गोळा करते. मुलुंडच्या त्या स्पर्धेत तन्वी पहिली आली होती. रिपोर्ट स्वच्छ आला की थेट नॅशनल कॅम्प. सोबत आई होती, विक्रोळीच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स.

आईने पिशवीतून कोकम सरबत काढलं. मी हात आडवा घातला.

“इथे फक्त सीलबंद पाणी. तेही तिने स्वतः उचलायचं.”

“अगो बाय, घरचा आसा!”

“घरचं असो नाहीतर देवाचा प्रसाद असो. दुसऱ्याच्या हातचं काही चालत नाही.”

अखेर सॅम्पल मिळालं. बाटल्या सील केल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, “आठवड्याभरात औषध काय घेतलंस?”

“काही नाही, मॅडम. क्लबातल्या कोच सरांचं ताकदीचं इंजेक्शन फक्त.”

माझं पेन थांबलं. “टोचतं कोण?”

“मीच,” आई कौतुकाने म्हणाली. “माझो हात हलको. पोरीक कळणा पण नाय.”

“बाटलीवर नाव काय?”

“लेबल नसतं. सर मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून देतात,” आई म्हणाली.

“नर्सिंग होममध्ये बिनलेबलाचं टोचाल?”

“छे! नोकरी जाईल माझी.” मग तिचा आवाज उतरला. “पण हे सर देतात ना, मॅडम. गुरुपौर्णिमेला पाया पडते ती त्यांच्या.”

खोटं बोलणारे पाहिलेत, बाथरूमच्या खिडकीतून पळणारेही पाहिलेत. इतकं सरळ उत्तर कधी ऐकलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं फॉर्मवर लिहिलं.

रिपोर्टमध्ये स्टेरॉइड निघालं. आमचा नियम असा की अंगात सापडलं तर खेळाडू जबाबदार. दिलं कोणी, हा पुढचा प्रश्न. तन्वीवर बंदी आली. कॅम्प गेला, क्लबात सरावही बंद.

सर चौकशीत शांतपणे म्हणाले, “मी सुईला हात लावलेला नाही. तिच्या आईला विचारा.”

आई समोरच बसली होती. तिने मान खाली घातली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

सरांची चौकशी अजून चालू आहे. एवढं मात्र खरं, की कोकम सरबत मी वेळेवर अडवलं होतं.