कच्छच्या कावळ्याला मारलेली चप्पल

मी एका दुर्मिळ पक्ष्याला चप्पल मारली आहे आणि त्याबद्दल आजतागायत कोणाची माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. ज्यांना त्या पक्ष्याचा कळवळा आहे त्यांनी आधी माझी बाजू ऐकावी, मग काय ते बोलावं.

लग्न होऊन फणसवाडीत आले तेव्हा मला दोनच नाद होते, पक्ष्यांचा आणि भांडणाचा. दुसऱ्या नादाला सासरी कोणाची हरकत नव्हती, कारण ते दिवसच भांडणाचे होते. मराठी माणसाला त्याचं राज्य द्यायचं सोडून दिल्लीने आम्हाला गुजरातेसकट एकाच द्वैभाषिक राज्यात कोंबलं होतं आणि अख्खं गिरगाव खवळलं होतं. माझी सासू, जिजी, सत्याग्रहात पोलिसांच्या गाडीतून जाऊन आली होती. (उतरताना तिनेच हवालदाराला ‘गाडी जरा हळू हाकत जा’ असा दम भरला होता.) आमचे हे दिवसभर कचेरीत मान खाली घालून फायली बघत आणि संध्याकाळी मोर्चात तीच मान वर करून घसा फोडत. त्यामुळे माझ्या भांडणाचं कौतुकच झालं. पण सुनेने गच्चीवर उभं राहून दुर्बिणीतून बघायचं, हे वाडीला काही झेपेना. दुर्बीण सासऱ्यांची, महालक्ष्मीच्या रेसची. तिच्यातून त्यांनी आयुष्यभर हरणारे घोडे पाहिले, मी कोकीळ आणि तांबट पाहू लागले. महिन्याभरात समोरच्या बिऱ्हाडांनी खिडक्यांना पडदे लावले. लावा म्हटलं, मला काय तुमच्या पापडांत रस आहे?

दादरला तेव्हा एक पक्षीमंडळ होतं. त्याचे सेक्रेटरी दातार मास्तर, निवृत्त हेडमास्तर, अजूनही सगळ्या जगाला सातवीच्या वर्गात बसवणारे. मंडळाचा नियम असा की, जो कोणी मंडळातल्या एकानेही न पाहिलेला पक्षी, राज्याच्या हद्दीत, मास्तरांच्या समक्ष दाखवील, तोच सभासद. बाईमाणूस सभासद एकही नव्हतं. मी विचारायला गेले तर मास्तर अगदी गोड हसले. “वहिनी, सहलींना अवश्य या. चहाचं कोणीतरी बघायला हवंच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी मी ठरवलं की ह्या मंडळाची सभासद होईन तेव्हाच ह्यांना चहा पाजीन, तोवर ह्यांच्या कपात माझ्या हातचा थेंब पडायचा नाही.

आणि सहल निघाली ती थेट कच्छला! द्वैभाषिकात कच्छ आमच्याच राज्यात होतं. खाली रण, वर डोंगर आणि डोंगरावर दत्ताचं देऊळ. मुंबईत सगळे द्वैभाषिकाच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा मास्तर मात्र गुपचूप खूष होते, कारण रणातले सगळे पक्षी फुकटात राज्यात आले होते. आमच्या ह्यांना हे पटेना.

“आपण द्वैभाषिक मानत नाही. मग कच्छातला पक्षी आपल्या राज्यातला कसा?”

“तुम्ही मानू नका,” मी म्हटलं. “मी सभासद होईपर्यंत मानते.”

जिजीला पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती दत्तासाठी निघाली. बोटीने मांडवी बंदर आणि तिथून लॉरीने डोंगराचा पायथा, एवढ्या प्रवासात तिने एक पत्र्याचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. विचारलं तर म्हणाली, प्रसाद आहे. धर्मशाळेत पोचल्यावर झाकण उघडलं आणि वासानेच कळलं की प्रसाद कसला तो, सुके बोंबील! ती धर्मशाळा अशी की तिथे कांदासुद्धा लाजत यायचा. डबा पुन्हा बंद झाला आणि मास्तर नाकाला उपरणं लावून बाहेर जाऊन झोपले.

पहिल्या सकाळी मास्तरांनी रणाच्या काठावर सगळ्यांना रांगेत उभं करून नियम सांगितले. भडक कपडे नकोत. (जिजी लालभडक लुगड्यात.) तोंडातून शब्द नको. पक्षी दिसला की ते स्वतः मूठ वर करतील, मूठ वर झाली की जागच्या जागी थांबायचं. आम्ही माना डोलावल्या आणि निघालो.

आणि नशीब बघा, पक्षी पहिला दिसला तो मलाच! वाळूच्या रंगाचा, उंच पायांचा, तुरुतुरु पळायचा, थांबायचा, पुन्हा पळायचा. असला पक्षी मंडळात कोणीही पाहिलेला नसणार ह्याची मला खात्री होती. मी मास्तरांची बाही ओढली आणि दिशा दाखवली. मास्तरांनी मान वळवली आणि न बोलता ताडकन मूठ वर केली.

आता तुम्हीच सांगा. चार वर्षं चौपाटीवर, काळ्या चौकीला, लालबागला, जिथे जावं तिथे समोर मूठ वर झाली की आपल्या तोंडून काय निघायचं? माणूस झोपेत असला तरी तेच निघायचं. आमचे हे आणि जिजी एका दमात गर्जले, “झालाच पाहिजे!”

रणात आडवं यायला काही नाही. ती घोषणा पार क्षितिजापर्यंत गेली आणि पक्षी तिच्याही पुढे गेला. मास्तरांना नुसती हालचाल दिसली होती, पक्षी धड बघायला मिळालाच नव्हता, म्हणजे माझा पक्षी बाद! मला रडू कोसळलं, अगदी खरं रडू. हे माझी समजूत घालायला आले तर मी त्यांना म्हटलं की महाराष्ट्र मिळेपर्यंत माझ्याशी बोलू नका. जिजीला मात्र पश्चात्ताप नव्हता. “मूठ त्याने वर केली. आम्ही साद दिली नसती तर अपमान झाला असता त्याचा,” ती म्हणाली.

दुसरा दिवस डोंगराचा. शेवटचा दिवस होता, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. त्यात तो गुरुवार. दत्ताचा वार म्हणून जिजीच्या तोंडी मासळी वर्ज्य, पण बोटीवरच्या दमट हवेने बोंबील मऊ पडले होते आणि त्यांना ऊन दाखवलं नाही तर बुरशी येणार, हे तिला दत्तापेक्षा मोठं संकट वाटत होतं. तिने देवळापासून पुष्कळ लांब, दरीच्या कडेला दोन बाभळींना दोरी बांधली आणि बोंबील टांगले. मास्तर लाल झाले. ह्या वासाने डोंगरावर एक पक्षी फिरकणार नाही म्हणाले. मी पुस्तकं वाचलेली बाई! पक्ष्यांना वासाचं फारसं कळत नाही, वास आपल्याला येतो, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. भांडण मी जिंकलं आणि त्याचं बक्षीस म्हणून राखणीला मलाच बसवलं. सूनबाई ना मी! मास्तर आणि हे पलीकडच्या खडकाआड गरुडाची वाट बघत बसले, जिजी जप करत बसली आणि मी दुर्बीण आभाळाला लावून बोंबलांच्या पायाशी बसले.

डोळे आभाळात होते, मन सभासदत्वात होतं, पण कान गिरगावचे होते. दोरी हलल्याचा आवाज झाला. बघते तर कावळा! काळाकुट्ट, एका बोंबलाला लोंबकळणारा. आता वाडीत बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला कावळा दिसला की ती विचार करते का? हात आपोआप पायाकडे जातो. “हड मेल्या!” म्हणून मी डाव्या पायाची चप्पल अशी भिरकावली की कावळा वाचला, पण चप्पल सरळ दरीत.

नवी चप्पल होती हो! मी तशीच लंगडत दरीत उतरले. काट्यांत हात घालून चप्पल शोधत होते तोच वरून मास्तरांची किंकाळी आली. मला वाटलं, जिजी पडली. धडपडत वर येते तो टाळ्यांचा आवाज. वर पोचले तेव्हा कावळा नव्हता, बोंबील नव्हते आणि मास्तर जिजीच्या पाया पडत होते.

झालं होतं ते असं. चप्पल चुकवून कावळा पलीकडच्या दगडावर बसला आणि घशातून घोगरा, पाण्यात घागर बुडवल्यासारखा आवाज काढला. जिजीची माळ थांबली. बाणगंगेवर आमच्या घराण्याचे इतके पिंड तिने ठेवले होते आणि कावळ्याची इतकी वाट बघितली होती की मुंबईतला कुठलाही कावळा तिला पाठीमागूनही ओळखू आला असता. हा कावळा आपल्यातला नव्हे, हे तिने ताडलं. घारीएवढा थोराड, गळ्याला दाढी आणि शेपूट पाचरीसारखं. तिने पानावर बोंबील मांडले, मागे सरली, हात जोडले आणि श्राद्धाला म्हणतात तशा सुरात त्याला म्हणाली, “ये रे बाबा. मुंबईचं आहे, निवांत खा. उपास माझा आहे, तुझा नाही.”

आणि तो आला! पानावर बसून सावकाश जेवला. मास्तरांनी तो पोटभर पाहिला. रणातला रेव्हन जातीचा कावळा, मंडळात कोणीही न पाहिलेला. माझ्या नवऱ्याने पाहिला. देवळाच्या पुजाऱ्याने पाहिला. दरीत काट्यांत डोकं घातलेली मी तेवढी राहिले.

“पण पहिला मी बघितला!” मी कडाडले. “न बघता चप्पल मारली का?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “वहिनी, बघितलात, पण ओळखला नाहीत. ओळखून चप्पल मारली असतीत तर मी विचार केला असता.”

मंडळाची पहिली स्त्री सभासद म्हणून जिजीचं नाव लागलं आणि ‘सभासदाचे कुटुंबीय’ म्हणून माझं. मी परतीच्या वाटेवर कोणाची चप्पल घेतली नाही. हे आपली द्यायला आले, मास्तर आपल्या खडावा द्यायला आले. मी बाणेदारपणे एक पाय अनवाणी ठेवून बोटीत चढले, आणि काटा निघेपर्यंत पुढे कित्येक दिवस बाणेदारपणे लंगडले.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट! गिरगावात त्या रात्री कोणी झोपलं नाही. पण त्यानंतरच्या मंडळाच्या बैठकीत मास्तर पडलेल्या चेहऱ्याने उभे राहिले. कच्छ गुजरातेत गेलं, तेव्हा तो रेव्हन राज्याच्या हद्दीबाहेर गेला आणि नियमाने जिजीबाईंचं सभासदत्व रद्द होतं, असं त्यांनी अडखळत सांगितलं. माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, उकळ्या फुटल्या. सासूसुना निदान एका पायरीवर येणार होत्या.

जिजी पदर खोचून उभी राहिली. “मास्तर, मुंबई घेतली आणि बदल्यात एक कावळा दिला. एवढा स्वस्त सौदा कोणी केलाय?”

सभा टाळ्यांनी दणाणली आणि जिजी तिथल्या तिथे तहहयात सन्माननीय सभासद झाली. त्याच बैठकीत मंडळाने आणखी एक नियम केला, पक्ष्याला पादत्राण मारणाऱ्यास सभासद करून घेऊ नये. मंडळाने एकट्या माणसासाठी केलेला हा एकमेव नियम, आणि तो माझ्यासाठी आहे, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला अजून ताठ मानेने सांगते. चहा मी त्यांना अजूनही पाजलेला नाही. राहिली ती डाव्या पायाची चप्पल. ती गुजरातेतल्या एका दरीत पडून आहे, उजवी मी फळीवर जपून ठेवली आहे आणि महाराष्ट्र बेळगाववरचा दावा सोडील त्या दिवशीच मी डावीवरचा दावा सोडीन.