चहाच्या ग्लासाचा गोल

गेल्या रविवारी पडेगावात, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मी आमच्या जुन्या जीपखाली दोन तास आडवा पडलो होतो. छातीवर वीसेक किलोची लोखंडी प्लेट, ओठांत दोन बोल्ट, आणि धरायला दुसरं कुणी नाही...

जीप डोंगरात नेणाऱ्यांना स्किड प्लेट माहीत असते. इंजिनाच्या खाली ऑइलचं चेंबर असतं, त्याला दगड लागू नये म्हणून जाड पत्रा बसवतात. आमच्या जीपइतक्या जुन्या मॉडेलची प्लेट बाजारात मिळत नाही, म्हणून घरीच करायची.

आमची म्हणजे माझी आणि रफिकभाईची. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर, तो वाळूजला एका कंपनीत फिटर, दोघंही आता रिटायर. माझं लग्न राहूनच गेलं... त्यामुळे वीस वर्षं माझा रविवार म्हणजे रफिकभाई, जीप आणि वेरूळच्या मागचे डोंगर.

दीड वर्षापूर्वी तिथंच चेंबरला दगड लागला आणि ऑइल गळायला लागलं. रफिकभाईनं भेगेत साबणाचा गोळा दाबून जीप घरापर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी भेग सांधून झाल्यावर कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तो जीपखाली शिरला, मापं घेतली, पेन्सिलीनं आखलं आणि प्लेटचा नमुना कापून माझ्या हातात दिला. "अगले महिने बिठा देंगे मास्तर," म्हणाला.

पुढच्या महिन्यात मुलगा त्याला हैदराबादला घेऊन गेला. ईद झाली की येतो, म्हणाला होता... तीन ईद होऊन गेल्या. फोन केला की मागून नातीचं रडणं आणि "बाद में करता मास्तर". मग मीच फोन करणं सोडलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

रविवार मात्र यायचे थांबले नाहीत. सकाळी जीप पुसायची, स्टार्ट करून पाच मिनिटं इंजिन ऐकायचं आणि बंद करायची. एकट्यानं डोंगरात जावंसं वाटायचं नाही... वर पोचल्यावर शेजारून "क्या नजारा है" म्हणणारं कुणी नसणार, हे इथूनच ठाऊक असायचं.

शेवटी एक दिवस म्हटलं, कुणावाचून कुणाचं अडत नाही. पुठ्ठा काढला आणि समोरच्या वेल्डरकडे गेलो.

रफिकभाईला चहाचा ग्लास कुठंही टेकवायची खोड. माझी पुस्तकं, जीपचं बॉनेट, काही सुटलं नाही. त्या पुठ्ठ्यावरही चार गोल होते. वेल्डरनं एका गोलावर बोट ठेवून विचारलं, "सर, ह्ये काय हाय? हितं भोक पाडायचंय का?"

"नाही हो, चहाचा डाग आहे तो."

"बगा बरं. मागून म्हनसाल."

"तुम्ही कापा," मी ऐटीत सांगितलं.

तर ती प्लेट. जॅकवर फळी, फळीवर प्लेट, इंच इंच वर. इकडचा बोल्ट लागला की तिकडून सरकायची. हे खरं दोन माणसांचं काम आहे... एकानं धरायचं, एकानं आवळायचं. शेवटी बसली. कोपरं सोलली होती. बाहेर येऊन मी मोठ्यानं "झालं" म्हणालो आणि शेडमध्ये ऐकायला कुणी नव्हतं.

मग फोटो काढून रफिकभाईला पाठवला. सात महिन्यांनी पहिला मेसेज. खाली मुद्दाम लिहिलं, 'अकेले बिठाया'.

दहा मिनिटांत त्याचा व्हॉइस मेसेज आला. "माशाअल्ला मास्तर, क्या फिटिंग है... लेकिन ऑइल बदली करेंगे तो निकालेंगे किधर से?"

परत खाली शिरलो. ऑइल काढायचा नट प्लेटच्या मागे साफ झाकला गेला होता. पुठ्ठा आणला, चष्मा लावला. तीन गोल चहाचे, तपकिरी, पसरलेले. चौथा पेन्सिलीचा... ग्लास उपडा ठेवून आखलेला, मधोमध बारीक फुली. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, कंपास नसेल तर वाटी ठेवा आणि गोल काढा. मलाच तो दिसला नाही, कारण मी पुठ्ठा बघतच नव्हतो, रफिकभाईवरचा राग उगाळत होतो.

जीपला टेकून इतका हसलो की शेजारच्या काकूंनी गेटातून डोकावून पाहिलं. हसता हसता रडूच आलं मग.

फोन लावला. या वेळी नात झोपलेली होती, अर्धा तास बोललो. तिथं त्याच्या ओळखीचं कुणी नाही, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर एकटाच बसतो, म्हणाला. "चाय भी कप में देते मास्तर इधर." दीड वर्षात मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तू कसा आहेस तिथं.

फोन ठेवताना म्हणाला, "होल तो वेल्डर पाँच मिनट में मार देगा."

मी म्हणालो, "वेल्डर पाचोडला गेलाय, गावी. महिनाभर येत नाही. तूच येऊन मार."

तो म्हणाला, "हौ... देखता मैं."

वेल्डर कुठंही गेलेला नाही. हे लिहितोय तेव्हा समोरून त्याच्या ग्राइंडरचा आवाज येतोय. रफिकभाई उर्दू शाळेतला, मराठी बोलतो पण वाचत नाही, म्हणून इथं लिहायची हिंमत केली. जीपमधलं ऑइल अजून महिना-दीड महिना चालेल... तोवर तुमच्यापैकी कुणी त्याला खरं सांगू नका, एवढीच विनंती.