बुडाली की बुडवली

आमच्या धंद्यात किस्से गाळासारखे साचत जातात. उपसायचाही आता कंटाळा आलाय.

ऑफिस रायपुरात, शंकर नगरला. कोकणाजवळच्या समुद्रतळाची, ध्वनिलहरींनी टिपलेली 'सोनार' चित्रं आमच्याकडे येतात आणि आम्ही दिवसभर डोळे फोडून बुडालेली जहाजं शोधतो. रिक्षावाला विचारतो, "भैया, इधर समंदर कहाँ?" मी सांगतो, "सेकंड फ्लोर पे!"

*

एकदा आमचे बॉस देशकर साहेब ओरडले, "आगबोट! ही बघा चिमणी!" लगेच पेढे आले. पुढच्या फेरीच्या चित्रात बोट जागेवर, चिमणी गायब! आमची प्राची घरची मराठी, पण उत्तर कायम हिंदीत. म्हणाली, "सर, मछलियाँ थीं. चली गईं." पेढे तोवर संपले होते.

*

खालच्या मजल्यावर घरमालकीण वानखेडे आजी. त्यांचे वडील आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. बोट बुडाल्याची बातमी आली, वडील परतले नाहीत, आईनं कुंकू पुसलं. तेव्हा आजी लहान होत्या. जिन्यात दिसलो की त्यांचा प्रश्न ठरलेला, "काहून रे पोट्टेहो, आमची 'चंद्रावती' भेटली का?"

साहेब एकदा वैतागले, "आजी, समुद्र फार मोठा असतो हो!"

"हव, पण तुमी तं रोजच पाहून राहिले न!"

*

यंदा पाणबुड्यांनी त्याच बिनचिमणीच्या बोटीचा व्हिडिओ पाठवला. मागच्या बाजूला अक्षरांच्या खुणा होत्या, चंद्रावती! लांबीही बोटीच्या जुन्या आराखड्याशी जुळली. पण आत कोळसा नाही, भांडी नाहीत. नांगर आणि होड्याही काढून नेलेल्या. पाणी आत घ्यायच्या झडपा मात्र आतून उघडलेल्या.

साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'बुडाली'.

"बुडवली, सर," प्राची म्हणाली. "रिकामी करून, माणसं उतरवून, मुद्दाम."

ऑफिसात ती पहिल्यांदाच मराठी बोलली. साहेब थकून म्हणाले, "अगं, काय फरक पडतो?"

*

आजींना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"आजी, चंद्रावती सापडली. पण ती जुनी झाली म्हणून मुद्दाम बुडवली होती. माणसं आधीच उतरवली होती."

"म्हंजे बाबा बुडाले नाही?"

"नाही, आजी."

आजी लहान पोरीसारख्या हसल्या. सुनेला हाक मारून चहात साखर जास्त टाकायला सांगितली. चहा आला. कप माझ्या हातात देता देता त्या थांबल्या.

"पण मंग घरी काहून नाही आले रे?"