धारमामांचा अंगठा

आमच्या धारमामांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दारात फिरता दगड, खाली पाण्याचं डबडं, भिंतीला रांगेनं टांगलेल्या कात्र्या. धार लागली की नाही हे मामांचा अंगठा ठरवायचा. पात्यावर आडवा टेकवायचा, हलकेच सरकवायचा अन् "हं" म्हणायचं. त्या एका "हं"वर चाळीस वर्षं गिऱ्हाईक टिकलं.

एक दिवस न्हावी वस्तरा परत घेऊन आला. "मामा, हा दाढी करत नाही, गाल खरवडतोय! माणूस अर्ध्या दाढीनं पळालं माझं."

"तुलाच धरता येत नसेल!" मामा खेकसले. त्यांनी वस्तरा घासला, अंगठ्यावर टेकवला, "हं" म्हणाले. मामी बघतच राहिल्या. अंगठ्यातून रक्त ठिबकत होतं अन् ह्या बाबाला पत्ताच नाही.

मामींनी त्यांना दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला टाचणी टोचली, तर मामा निवांत पंखा बघत बसलेले.

"दगडाच्या हादऱ्यांनी मनगटातली नस दबलीय," बाई म्हणाल्या. "बोटाची खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही. ऑपरेशननं आणखी बिघडायचं थांबेल. गेलेली जाण परत येईलच, असं मात्र नाही."

"मग डाव्या अंगठ्यानं बघा की," मामी म्हणाल्या.

"डावा अडाणी आहे."

ऑपरेशन झालं, मनगट भरून आलं. तीन महिन्यांनी मामा दगडापाशी बसले, शिंपीणबाईंची कात्री घासली अन् अंगठा टेकवला. लाकूड टेकवल्यासारखा. दोनदा टेकवला, तिसऱ्यांदा टेकवला. मग कात्री खाली ठेवून म्हणाले, "दुकान आवरतो. न कळता कुणाला 'हं' म्हणू?"

"आणा ती इकडं," मामी म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या सुऱ्यांनी कांदे चिरतेय. आणा म्हटलं ना!" त्यांनी पदराला हात पुसला, पात्यावरून अंगठा सरकवला. "बोथट."

"बोथट? अगं, मी..."

"टोकाशी बोथट आहे. घासा."

मामांनी घासली. पुन्हा "घासा". चौथ्या खेपेला मामी "हं" म्हणाल्या, तेव्हा मामांच्या कपाळावर घाम होता.

"माझा अंगठा एवढा खाष्ट नव्हता," ते पुटपुटले, अन् शिंपीणबाईंना निरोप धाडला, कात्री तयार आहे.

आता न्हावी वस्तरा देतो मामांच्या हातात, पण बघत असतो मामींच्या तोंडाकडे. मामासुद्धा तिकडंच बघत असतात.